कामाच्या जागेतली हवा

१९८१ साली मी एका बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत कारकून म्हणून लागलो. सकाळी शाखा उघडली की आमचे शिपाईमामा प्रत्येक टेबलावर दोन वस्तू ठेवत जात, पाण्याचा ग्लास आणि ॲशट्रे. ॲशट्रे स्टेशनरीच्या कपाटातच असे, टाचण्या, शाईचे पॅड आणि कार्बन पेपर यांच्या शेजारी. दुपारी तीनच्या सुमारास लेजर जुळवायची वेळ आली की पंख्याखाली धुराचा निळसर थर दिसे. त्यात माझाही वाटा होता. दिवसाला आठ-दहा सिगारेटी मी सहज ओढत असे.

माझ्या डाव्या हाताच्या टेबलावर एक बाई बसत. जेवणानंतर त्यांचा पदर बहुतेक वेळ नाकाशी असे. मला ती त्यांची सवय वाटायची. एकदा त्यांनी साहेबांकडे खिडकीजवळचे टेबल मागितले. साहेब हातातली सिगारेट तशीच ठेवून म्हणाले, "जरा ॲडजस्ट करा हो बाई." बाईंनी ॲडजस्ट केले.

पुढे दशकाच्या शेवटी शाखेत यंत्रे आली. त्यांच्यासाठी काचेची वेगळी खोली झाली, तिला एसी बसला, चपला बाहेर काढायचा नियम झाला आणि दारावर पाटी लागली, 'धूम्रपान सक्त मनाई'. धूळ आणि धूर यंत्राला चालत नाही असे आम्हांला सांगण्यात आले. शाखेतल्या अट्टल ओढणाऱ्यांनीही ती पाटी निमूट पाळली. मीही पाळली. ज्या धुरात बाई वर्षानुवर्षे बसल्या होत्या त्यापासून यंत्राला पहिल्याच दिवशी संरक्षण मिळाले, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. ती ध्यानात आली निवृत्तीनंतर, अमेरिकेतल्या एका जुन्या खटल्याचा निकाल वाचताना. कामाच्या बंदिस्त जागेत धूम्रपानाला कायद्याने बंदी कशी आली, ती मागणाऱ्यांनी नेमके काय मागितले होते आणि त्यातले आपल्याकडे किती पोचले, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो. हा लेख म्हणजे त्या शोधाचा गोषवारा.

टेलिफोनची यंत्रे आणि एक कर्मचारी

तो खटला डोना शिंप यांचा. त्या न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीत कार्यालयीन काम करत. सिगारेटच्या धुराची त्यांना तीव्र ॲलर्जी होती. घसा, नाक, डोळे यांचा त्रास इतका व्हायचा की काम करणे अशक्य होई. कंपनीतल्या तक्रारीच्या रीतसर मार्गाने काही होईना, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर १९७६ मध्ये न्यायमूर्ती फिलिप ग्रुचिओ यांनी निकाल दिला. कर्मचाऱ्याला सुरक्षित जागी काम करण्याचा हक्क आहे आणि ती जागा देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, या जुन्या तत्त्वावर तो उभा होता. कार्यालयाच्या आणि ग्राहकसेवेच्या जागेत धूम्रपान बंद करा, ज्यांना ओढायचे आहे त्यांनी जेवणाच्या खोलीत जावे, असा आदेश निघाला.

या निकालातला एक तपशील वाचून मी थबकलो. त्याच कंपनीत टेलिफोनच्या यंत्रसामग्रीजवळ धूम्रपानाला आधीपासून बंदी होती, कारण नाजूक यंत्रे धुराने बिघडतात. न्यायमूर्तींनी कंपनीचा हाच नियम पुढे केला. यंत्रांची एवढी काळजी घेणाऱ्या कंपनीने माणसांची निदान तेवढी तरी घ्यावी, असा त्यांचा आशय होता. आमची काचेची खोली माझ्या डोळ्यांसमोर आली ती तेव्हा.

हा एका राज्यातल्या एका न्यायालयाचा निकाल होता. इतर न्यायालयांवर तो बंधनकारक नव्हता आणि पुढे सगळीकडे तसेच निकाल लागले असेही नाही. पण मागणीचा पाया त्यात पुरता आला आहे. शिंप यांनी सहकाऱ्यांच्या व्यसनाबद्दल काही म्हटले नव्हते. त्यांनी मागितली होती कामाच्या वेळेतली स्वच्छ हवा, आणि ती मागितली होती मालकाकडे.

ओढणाऱ्याकडून शेजाऱ्याकडे

तंबाखू आणि आजार यांच्या संबंधाचा अभ्यास बराच काळ ओढणाऱ्यापुरताच चालला. १९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. आपल्याकडे १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणे सक्तीचे झाले. हे सर्व ओढणाऱ्याला उद्देशून होते. त्यावर ओढणाऱ्याचे ठरलेले उत्तर असे की, माझा जीव आहे, मी बघून घेईन. हे उत्तर मीही अनेकदा दिले आहे.

ते उत्तर अपुरे ठरले जानेवारी १९८१ मध्ये. जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितके बायकोचे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण जास्त, असे तिच्यात दिसले. त्यावर पुष्कळ वाद झाले, आकडेमोडीवर शंका घेतल्या गेल्या, पण पुढच्या अभ्यासांनी त्याच दिशेला बोट दाखवले. १९८६ मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने सांगितले की दुसऱ्याच्या धुरामुळे न ओढणाऱ्यालाही कर्करोग होऊ शकतो. एकाच खोलीतल्या हवेत ओढणारे एका बाजूला आणि न ओढणारे दुसऱ्या बाजूला बसवल्याने धोका कमी होईल, पण जाणार नाही, असेही त्यात होते.

तंबाखू कंपन्यांना याचा अंदाज आधीच आला होता. १९७८ मध्ये रोपर या संस्थेने अमेरिकेतल्या तंबाखू उद्योगाच्या संघटनेसाठी एक जनमत पाहणी केली. न ओढणाऱ्यांवर होणाऱ्या परिणामाचा प्रश्न हा या धंद्यापुढे आजवर उभा राहिलेला सर्वांत मोठा धोका आहे, असा तिचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी यावर सौजन्याचा मार्ग शोधला. कायदा कशाला, दोघांनी समजुतीने घ्यावे. ओढणाऱ्याने विचारावे, न ओढणाऱ्याने सांगावे. हॉटेलात दोन विभाग करावेत, वायुवीजन चांगले ठेवावे. ऐकायला हे इतके वाजवी वाटते की त्यातली खोच चटकन लक्षात येत नाही.

माझ्या ती लक्षात आणून दिली त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतल्या निवृत्तांचा मेळावा झाला. मी सिगारेट सोडून तोवर बरीच वर्षे झाली होती. मी त्यांना म्हटले, "तेव्हा मी तुम्हांला एकदाही विचारलं नाही, चालेल का म्हणून. चूकच झाली माझी." त्या हसल्या. म्हणाल्या, "विचारलं असतंत तर मी 'चालेल' असंच म्हणाले असते. रोज शेजारी बसायचं होतं, रजेच्या अर्जावर साहेबांची सही लागायची. दुसरं काय म्हणणार होते मी?"

सौजन्य बरोबरीच्या माणसांत चालते. कामाच्या जागी सगळे बरोबरीचे नसतात, म्हणूनच तिथे कायदा लागतो. पन्नास पाने वाचून जे मला नीट मांडता येत नव्हते, ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितले.

ज्यांना उठून जाता येत नाही

मागणी कायद्यापर्यंत पोचली त्या देशांत एक गोष्ट समान दिसते. प्रश्न गिऱ्हाइकाच्या सोयीचा होता तोवर तडजोडी होत राहिल्या. काम करणारा माणूस मध्यभागी आला तेव्हा तडजोडीला जागा उरली नाही.

विमानाचेच उदाहरण घ्या. प्रवासी दोन-चार तासांनी उतरून जातो, पण हवाईसेविका तेच काम महिनोन्‌महिने करते. ओढणाऱ्यांच्या रांगा विमानात मागे असत, पण हवा सगळ्यांची एकच. हवाईसेविका आणि त्यांच्या संघटनांनी अमेरिकेत हा मुद्दा लावून धरला. १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत बंदी आली, तर १९९० मध्ये ती सहा तासांपर्यंतच्या उड्डाणांना लागू झाली. कधीही न ओढलेल्या नॉर्मा ब्रॉइन या हवाईसेविकेला बत्तिसाव्या वर्षी फुप्फुसाचा कर्करोग झाला. १९९१ मध्ये त्यांच्या नावाने कंपन्यांविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. १९९७ च्या तडजोडीत कंपन्यांना संशोधनासाठी ३० कोटी डॉलर द्यावे लागले.

कॅनडातल्या हेदर क्रो ओटावामध्ये सुमारे चाळीस वर्षे वेट्रेस होत्या. घरी कोणी ओढत नव्हते, त्याही ओढत नव्हत्या. २००२ मध्ये त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. हा आजार कामामुळे झाला, असा दावा त्यांनी ओंटारिओच्या कामगार विमा मंडळाकडे केला आणि मंडळाने तो मान्य केला. नंतर त्या देशभर हिंडून एकच सांगत राहिल्या, की माझ्यानंतर कोणाला असे होऊ नये. २२ मे २००६ रोजी त्या वारल्या. ओंटारिओत कामाच्या बंदिस्त जागांत संपूर्ण बंदी लागू झाली ती ३१ मे २००६ रोजी.

या सगळ्यात आयर्लंडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पबमध्ये बसणे हा जिथे समाजजीवनाचा भाग आहे, तिथे हे जमेल असे फार थोड्यांना वाटत होते. आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन यांनी जानेवारी २००३ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. त्यासाठी त्यांनी पुढे केला तो धुराचा कामगारांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो याचा शास्त्रीय अहवाल. पब आणि हॉटेलमालकांनी एकत्र येऊन जोरदार विरोध केला. हजारो नोकऱ्या जातील, गिऱ्हाईक तुटेल, खेड्यातले पब बंद पडतील, असे मुद्दे आले. पण ज्यांच्या नोकऱ्यांचा हवाला दिला जात होता त्या बार कामगारांची मॅन्डेट ही संघटना बंदीच्या बाजूने होती. तारीख पुढे गेली, पण २९ मार्च २००४ रोजी कायदा लागू झाला आणि कामाच्या बंदिस्त जागांत देशभर बंदी घालणारा आयर्लंड हा पहिला देश ठरला. वेगळा धूम्रपान कक्ष, अमुक टेबलांना सूट, असल्या वाटा कायद्याने पबला ठेवल्या नाहीत. धूर बाहेर गेला. डब्लिनमधल्या ४२ पबांची हवा आधी आणि नंतर मोजली गेली, तेव्हा हवेतल्या सूक्ष्म कणांत ८३ टक्के घट आढळली. बारमन मंडळींची फुप्फुसे तपासली, त्यांतही सुधारणा दिसली.

आपल्याकडचा कायदा दुसऱ्या दाराने आला

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. दिल्लीने १९९६ मध्ये आणि गोव्याने १९९७ मध्ये सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध आपापले कायदे केले. गोव्याच्या कायद्यात थुंकण्यालाही बंदी होती. त्यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या शल्यविशारदाने चालवलेली तंबाखूविरोधी मोहीम होती. जुलै १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी ओढणे हा भारतीय दंड विधानाखाली उपद्रव ठरतो आणि ते घटनेच्या २१ व्या कलमातल्या जीविताच्या हक्काविरुद्ध आहे, असा निकाल दिला.

त्याच वर्षी मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्या. एम. बी. शहा आणि न्या. आर. पी. सेठी यांच्या पीठाने आदेश दिला. न ओढणाऱ्या माणसाने, केवळ त्याला सार्वजनिक ठिकाणी जावे लागते म्हणून, आजार का सोसावेत, असा त्यांचा प्रश्न होता. सभागृहे, रुग्णालये, आरोग्य संस्था, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने अशा आठ ठिकाणी बंदी आली.

आदेश मोठाच होता आणि त्याने पुढच्या कायद्याला बळ मिळाले. पण ही यादी मी पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट जाणवली. या साऱ्या जागा 'जाण्याच्या' आहेत. रुग्ण, पक्षकार, प्रवासी आणि वाचक तिथे जातात. खाजगी कचेरी, कारखाना, गोदाम किंवा परमिट रूम त्यांत नाही, म्हणजे जिथे माणूस रोज आठ-दहा तास राबतो ती जागा नाही. आयर्लंडमधला युक्तिवाद कामगारापासून सुरू झाला, आपला सुरू झाला तो नागरिकापासून. दोन्ही रास्तच, पण दार वेगळे असले की आतली मांडणीही वेगळी होते.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातही हेच झाले. १ मे २००४ पासून लागू झालेल्या या कायद्याने 'सार्वजनिक जागे'त उपाहारगृहे आणली, पण त्याबरोबरच एक सवलत ठेवली. तीस खोल्यांचे हॉटेल, तीस माणसे बसतील असे उपाहारगृह आणि विमानतळ यांना वेगळी धूम्रपानाची जागा ठेवता येईल. त्या जागेत चहा नेणारा, टेबल पुसणारा, राखेचे भांडे रिकामे करणारा माणूस या कलमात कुठेच नाही. दंड २०० रुपयांपर्यंत.

'कामाची जागा' हे शब्द प्रथम आले ते २००८ च्या नियमांत. अंबुमणी रामदास तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्री होते. कामाची ठिकाणे, मॉल आणि चित्रपटगृहे या नियमांनी 'सार्वजनिक जागे'च्या व्याख्येत घातली. तंबाखू आणि हॉटेल व्यवसायाकडून आव्हान दिले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि २ ऑक्टोबर २००८ रोजी, गांधीजयंतीला, नियम लागू झाले. ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरची पाटी, ॲशट्रे आणि लायटर ठेवायला मनाई, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव जाहीर करणे, आणि नियम मोडला गेला तर जागेच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर जबाबदारी. म्हणजे डोना शिंप यांनी १९७६ मध्ये जी जबाबदारी मालकाकडे मागितली ती आपल्याकडे कागदावर आली. मधे बत्तीस वर्षे गेली.

बंद खोलीत कोण जातो?

धूम्रपानाच्या खोलीची सवलत मात्र मूळ कायद्यात असल्याने तशीच राहिली. नियमांनी तिच्यासाठी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार आणि धूर बाहेर फेकणारी यंत्रणा सांगितली. ही सारी काळजी खोलीबाहेरच्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारात भारत २००४ मध्ये सामील झाला. त्या करारातल्या देशांनी २००७ मध्येच बँकॉकला मान्य केले होते की वायुवीजन किंवा वेगळी खोली हा पुरेसा उपाय होऊ शकत नाही.

मुंबईत याच सवलतीच्या आधारे हुक्का पार्लरे फोफावली. महापालिकेने परवान्याच्या अटी घालून ती रोखायचा प्रयत्न केला, पण डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द ठरवल्या. कायद्याने जे दिले ते पालिकेला परिपत्रकाने काढून घेता येणार नाही, हे तर्काला धरूनच होते. शेवटी मे २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलला आणि धूम्रपानाच्या जागेत कोणतीही सेवा पुरवायची नाही असे स्पष्ट केले. याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती हुक्क्यासंदर्भात. माझ्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. वेटरने त्या खोलीत पाऊल टाकू नये, एवढे त्या एका ओळीने प्रथमच म्हटले, मग तिचा हेतू काही का असेना. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलची आग लागली, चौदा जीव गेले आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरांवर बंदी घालणारा कायदा केला. तो आगीमुळे झाला. जे तरुण तिथे रोज रात्री निखारे फुंकत उभे असत, त्यांच्या श्वासामुळे तो झाला नाही.

नियम झाले, पाट्या लागल्या. फरक किती पडला? तंबाखू वापराच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २००९-१० मध्ये बंदिस्त जागी काम करणाऱ्यांपैकी २९.९ टक्के लोकांना कामावर दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. २०१६-१७ मध्ये हा आकडा ३०.२ टक्के होता. याच काळात घरात धूर सोसणाऱ्यांचे प्रमाण ५२.३ वरून ३८.७ टक्क्यांवर उतरले. बायका-मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी घरातल्या ओढणाऱ्याला गॅलरीत पाठवले. तिथे ना पाटी होती ना दंड. कामाच्या जागी दोन्ही होते, तरी आकडा हलला नाही. आजोबांना नातू बोलू शकतो, साहेबांना शिपाई बोलू शकत नाही. या दोन आकड्यांचा मला लागलेला अर्थ एवढाच.

धूम्रपानाच्या जागांची सवलत काढून टाकणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२१ च्या सुरुवातीला लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा झाला नाही. तो पुन्हा येईल तेव्हा हॉटेलचे उत्पन्न, पर्यटन, ओढणाऱ्याचे स्वातंत्र्य यांवर बोलणारे पुष्कळ असतील. आयर्लंडमध्ये बार कामगारांची संघटना बोलायला उभी होती. आपल्याकडे हॉटेल कामगारांच्या वतीने कोण बोलणार, यावर त्या मसुद्याचे भवितव्य बरेचसे ठरेल असे मला वाटते.

गेल्या वर्षी एका कामानिमित्त उपनगरातल्या एका खाजगी कचेरीत गेलो होतो. जिन्यात धुराचा वास होता. पहिल्या मजल्यावर नियमाप्रमाणे मोठी पाटी होती, 'येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे'. खाली 'तक्रारीसाठी संपर्क' असे छापलेले आणि पुढची ओळ कोरी. पाटीखाली एक मुलगा स्टुलावर बसला होता, विशीतला, चहाची किटली पायाशी. मी विचारले, "कोण ओढतं रे इथे?" त्याने बंद केबिनच्या दाराकडे नुसते पाहिले आणि म्हणाला, "काका, तुम्हांला कोणाला भेटायचंय?"